सूर्योदय ते सूर्यास्त : मुंबईहून दापोलीची एक दिवसाची रसयात्रा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मुंबईतील व्यापारी घरांत एक संवाद ठरल्याप्रमाणे घडतो. नातवंडे सहलीचा बेत मांडतात, सून तिकिटांची चौकशी करते, मुलगा एक दिवस पेढी कोणावर सोपवावी याचा विचार करू लागतो; आणि आजी शांतपणे म्हणतात, "तुम्ही सगळे जाऊन या, मी आपली घरीच बरी." या वाक्यात रुसवा नसतो. उकळलेले पाणी, कंदमुळांवाचूनचे जेवण आणि सूर्यास्तापूर्वीचा चौविहार या तीन गोष्टी परक्या गावात मागत बसणे म्हणजे इतरांच्या आनंदात खोडा घालणे, अशी त्यांची समजूत झालेली असते. सहल पार पडते, छायाचित्रेही निघतात. त्यांत आजी मात्र नसतात.

खाण्यापिण्यासाठी केलेल्या सहलीत तर ही अडचण दुप्पट होते. जगात अनेक राजधान्यांतून अशा एक दिवसाच्या रेल्वेसहली निघतात. पॅरिसची मंडळी सकाळी गाडीत बसून शँपेन प्रांतात उतरतात, तळघरे पाहतात, तिथलेच जेवण जेवतात आणि रात्री घरी परततात. आपल्याकडेही नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे मुंबईचे पर्यटक गेली कित्येक वर्षे जात आहेत. परंतु मद्य हे मध, मांस आणि लोणी यांच्यासह चार महाविगयांत गणले गेले असल्याने जैन कुटुंबाला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही. तरीही अशा सहलीचा गाभा मद्यात नसतो. एखादे फळ त्याच्या स्वतःच्या मातीत पाहावे, त्याचा रस कसा निघतो, कसा टिकतो हे जाणावे आणि त्याच गावच्या हातचे जेवून परतावे, हा तो गाभा होय. तेवढाच घेतला, तर राजधानी मुंबईतून निघून सूर्योदय ते सूर्यास्त या मर्यादेत बसणारी आणि आजींनाही बरोबर नेता येणारी एक वाट आता उपलब्ध आहे. ती रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीला जाते.

रेल्वेने जोडलेला दिवस

एके काळी दापोलीला जायचे म्हणजे मुंबईहून आगबोटीने हर्णै बंदरात उतरायचे किंवा कशेडीचा घाट ओलांडत रस्त्याने दिवस घालवायचा. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. दापोली गावात रेल्वे नाही. जवळचे स्थानक खेड, तेथून दापोली सुमारे ३० किलोमीटर. तरीही एका दिवसात जाऊन परतणे अवघडच होते. सकाळच्या बहुतेक गाड्या खेडला पोहोचेपर्यंत निम्मा दिवस सरे आणि परतीच्या सोयीसाठी मुक्काम करावा लागे.

२७ जून २०२३ रोजी मुंबई–मडगाव वंदे भारत एक्स्प्रेस सुरू झाली आणि हे गणित बदलले. ही गाडी पहाटे साडेपाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटते, दादर, ठाणे, पनवेल घेत साडेआठच्या आसपास खेडला पोहोचते. आणि मडगावहून परतताना संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा खेडला येते. हातात सुमारे दहा तास राहतात. शुक्रवारी ती धावत नाही आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते, गाड्या सावकाश धावतात व त्यांच्या फेऱ्याही कमी होतात. म्हणून ही सहल पावसापूर्वी, एप्रिलच्या उत्तरार्धापासून मेअखेरपर्यंत आखावी. आंबा, फणस, काजू आणि रातांबा हे चारही त्या काळात झाडावर असतात. शिवाय आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे साधारण २१–२२ जूननंतर, आंबा वर्ज्य करणाऱ्या घरांसाठीही हीच योग्य वेळ ठरते.

पहाटेची नवकारशी

मेच्या मध्यास कोकणात सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच उगवतो. त्यानंतर ४८ मिनिटे मोजली की नवकारशीची वेळ होते. त्या सुमारास गाडी पनवेल मागे टाकून रोह्याच्या दिशेने धावत असते. म्हणजे पच्चक्खाण पाळण्याची वेळ आपोआप आसनावर बसल्या बसल्या येते. खाखरा, मेथीविना केलेला ठेपला, घरून आणलेले उकळलेले पाणी, एवढा भाता पुरेसा होतो. तिकीट काढतानाच गाडीतील खानपान नको असा पर्याय निवडला, तर त्याचे पैसेही वाचतात आणि आलेले ताट नाकारण्याचा संकोचही टळतो.

बियासणा करणाऱ्यांना तर हा दिवस अधिकच सोयीचा आहे. दुपारी बाराला एक बैठक आणि संध्याकाळी पाचला दुसरी, अशी आखणी केली की दोन्ही बैठका दापोली परिसरातच, शांतपणे होतात. देवदर्शनाचा नियम असणाऱ्यांनी मात्र खेड–दापोलीकडील परिचित व्यापाऱ्यांशी आधी बोलून ठेवावे.

रोहा सुटल्यावर दोन्ही बाजूंचा देश बदलू लागतो. डोंगर जवळ येतात, बोगदे सुरू होतात. खेडच्या अलीकडचा नातूवाडीचा बोगदा ४ किलोमीटरपेक्षा लांब आहे. त्यातून बाहेर पडून गाडी थोड्याच वेळात जगबुडी नदीकाठच्या खेडला थांबते. स्थानकाबाहेर रिक्षा आणि भाड्याच्या मोटारी असतात. पाच–सहा जणांच्या कुटुंबाने दिवसभरासाठी एकच मोटार आधी ठरवून घेतलेली बरी. वळणावळणाचा रस्ता चढून तासाभरात दापोली येते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवरील या गावी ब्रिटिशांनी लष्करी छावणी वसवली होती. जुनी माणसे अजूनही गावाला कॅम्प दापोली म्हणतात. साने गुरुजी येथे शिकले. महर्षी कर्वे यांचे मुरूड येथून जवळच आहे. किनाऱ्याच्या मानाने हवा निवळ, म्हणून मे महिन्यातही सकाळ सुसह्य असते.

फळांचे विद्यापीठ

दापोलीची पहिली भेट डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची असावी. येथील कृषी महाविद्यालय १९६५ सालचे. विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी झाली. राज्याचे कृषिमंत्रिपद भूषवलेले आणि १९६३ मध्ये अल्पकाळ मुख्यमंत्री राहिलेले कोकणचे नेते बाळासाहेब सावंत यांचे नाव पुढे विद्यापीठाला देण्यात आले. प्रक्षेत्रे पाहायची असल्यास आधी पत्राने किंवा दूरध्वनीने परवानगी मागावी.

मुंबईच्या मुलाला आंबा पेटीत उगवतो असे वाटण्याचा संभव असतो. येथे कलमांच्या रांगांतून फिरताना त्याला कळते की हापूसलाही दोष आहे. वरून निर्दोष दिसणारे फळ कापल्यावर आत पांढुरका, आंबट, स्पंजासारखा भाग निघतो. त्याला 'साका' म्हणतात. बाजारात पेटी घेणाऱ्याला तो दिसत नाही आणि विकणाऱ्याची पत मात्र जाते. हा दोष टाळण्यासाठी कोकणातील संशोधकांनी नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' ही जात दिली. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून अगदी पातळ कोयीची 'सिंधू' आली. एका आंब्यामागे माणसांची किती वर्षे खर्ची पडतात, हे मुलांना येथे समजते.

आपल्या बावीस अभक्ष्यांत 'अजाण फळ' आहे. ज्याचे नाव आणि गुण ठाऊक नाहीत ते फळ खाऊ नये, हा त्याचा अर्थ. या नियमाकडे बंदी म्हणून पाहिले जाते; परंतु फळबागेत उभे राहिल्यावर त्याची दुसरी बाजू ध्यानात येते. खाण्यापूर्वी जाणून घ्या, असेही तो नियम सांगतो. रातांब्याच्या झाडाखाली नातवाने नाव विचारावे आणि आजीने नियमाचे कारण सांगावे, यासाठी यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

रातांबा ते अमृत कोकम

कोकमाचे ताजे फळ रत्नागिरीकडे रातांबा म्हणून ओळखले जाते. गोव्यात त्यालाच भिरंड म्हणतात. लिंबाएवढे, पिकल्यावर गडद लाल–जांभळे होणारे हे फळ एप्रिल–मेमध्ये उतरवतात. पाऊस आला की सगळे संपते. म्हणून घराघरांच्या अंगणात या दिवसांत एकच घाई असते. फळ फोडून बिया व गर वेगळा करायचा, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात वाळवायच्या, पुन्हा रसाचे पुट द्यायचे, पुन्हा वाळवायच्या. असे अनेक दिवस केले की आमसूल तयार होते. बियांपासून निघणारे तेल थंडीत लोण्यासारखे घट्ट बसते. भेगाळलेल्या टाचांना ते लावण्याची रीत कोकणात जुनी आहे. या झाडाचे काहीच वाया जात नाही.

अमृत कोकमाची रीत निराळी. ताज्या सालीच्या वाट्यांत साखर भरतात आणि बरणीत थरावर थर रचतात. साधारण एक भाग सालीला दोन भाग साखर घेतात. साखर सालीतील पाणी बाहेर ओढते आणि काही दिवसांत अग्नीशिवाय लालबुंद पाक तयार होतो. येथे जैन वाचकाच्या मनात रास्त प्रश्न येईल : फळाचा रस इतके दिवस ठेवला तर तो आंबत कसा नाही? द्राक्षरसाचे मद्य होते ते रस साठवल्यामुळेच ना?

उत्तर पाण्याच्या हिशेबात आहे. रस आंबवणाऱ्या सूक्ष्म जीवांना वाढण्यासाठी मोकळे पाणी लागते. द्राक्षरसात ते भरपूर असते. म्हणून तेथे साखरेचे मद्यार्कात रूपांतर होते. पाकातील साखरेचे प्रमाण साधारण ६५ टक्क्यांच्या पुढे गेले की जवळजवळ सर्व पाणी साखरेनेच धरून ठेवलेले असते. त्या जीवांना ते मिळत नाही आणि आंबण्याची क्रिया सुरूच होत नाही. आमसुलाच्या बाबतीत हेच काम मीठ आणि ऊन करतात. मात्र पाक पातळ झाला, बरणीत ओला चमचा गेला किंवा साखर कमी पडली, तर तोच पाक काही दिवसांत फसफसतो. वर फेस दिसणे, झाकण उघडताना हवा सुटणे, वास बदलणे ही त्याची लक्षणे होत. आपल्या शास्त्राने वर्ण, गंध, रस बदललेल्या पदार्थाला 'चलित रस' म्हणून बावीस अभक्ष्यांत ठेवले आहे. प्रयोगशाळेचे निरीक्षण आणि ही जुनी कसोटी येथे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

म्हणून अमृत कोकम घेताना बाटली उजेडात धरून पाहावी. पाक दाट, स्वच्छ आणि फेसाविना असावा; उत्पादनाची तारीख व अन्नसुरक्षा परवाना क्रमांक छापलेला असावा. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वर्षभर ठेवला जातो. बोळ अथाण्याचा नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या घरांनी शंका न ठेवता कोरडे आमसूलच घ्यावे. सरबत पिताना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : बर्फ नको आणि पाणी आपलेच वापरायचे. एक भाग पाकाला पाच–सहा भाग पाणी, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड एवढ्याने पेला तयार होतो.

किराणा व्यापारातील मंडळींनी आमसुलाच्या राशीपाशी थोडा अधिक वेळ थांबावे. नवे आमसूल लालसर जांभळे आणि मऊ असते. जुने होत जाते तसे काळे पडते. वर मिठाचे पांढरे कण दाट दिसत असतील आणि मुठीत घेतल्यावर हात ओलसर होत असेल, तर मिठाचे व पाण्याचे वजन आमसुलाच्या भावाने मोजले जात आहे असे समजावे. वाटीभर आमसूल पाण्यात टाकून रंग किती सावकाश उतरतो हे पाहणे हीदेखील साधी परीक्षा आहे. रंग क्षणात सुटला तर तो फळाचा नसण्याची शंका घ्यावी.

बोंडूचा हिशेब

काजूच्या बागेतील दृश्य व्यापारी मनाला अस्वस्थ करणारे आहे. काजूची बी ज्या फळाला खालून लटकलेली असते त्या रसाळ फळाला बोंडू म्हणतात. बोंडूचे वजन बीच्या कित्येक पट असते. बी पिळून तोडली जाते, वाळवली जाते, कारखान्यात जाते; १०० किलो बियांतून साधारण २५ ते ३० किलो गर निघतो आणि त्यालाच बाजारात भाव असतो. बोंडू मात्र बागेतच पडून कुजतो. त्याचा रस काढला तरी काही तासांत आंबू लागतो. गोव्याने त्यावर एकच मुख्य उपाय योजला, फेणीचा; तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

दुसरा उपाय कोकमाच्या बरणीत आहेच : रस आंबण्यापूर्वी साखरेत बांधणे. कोकण कृषी विद्यापीठाने बोंडूच्या रसापासून सरबत आणि पाक तयार करण्याच्या पद्धतींवर काम केले आहे. बोंडूतील घसा धरणारा तुरटपणा काढणे आणि तोडणीनंतर काही तासांत रस काढणे, या दोन कामांवर सारे अवलंबून असते. बाग, रस काढण्याची जागा आणि भांडवल ही तिन्ही एकमेकांच्या जवळ असावी लागतात. मद्याशी संबंध न ठेवता कोकणातील शेतकऱ्याच्या वाया जाणाऱ्या फळाला दाम मिळवून देणे, हे व्यापारी समाजाच्या परंपरेत चपखल बसणारे काम आहे. सहलीला आलेल्या एखाद्या तरुणाने येथे वही काढून आकडे मांडले, तर त्या दिवसाचे तिकीट वसूल झाले असे म्हणता येईल.

फाल्गुन चौमासीनंतर सुका मेवा सोडणाऱ्या घरांनी काजूगराची खरेदी कार्तिकानंतरसाठी राखावी. ओल्या काजूबद्दल आपल्या महाराजसाहेबांना विचारून ठरवावे. मुलांना मात्र ओल्या बीला हात लावू देऊ नये. तिच्या टरफलातील चिकाने कातडी भाजते.

'नैवेद्याचा स्वयंपाक'

आता भोजनाकडे यावे. दापोली हे हर्णै बंदराच्या शेजारचे गाव; बाजारातील बहुतेक भोजनगृहांत मासळी शिजते. म्हणून आयत्या वेळी फलक पाहत हिंडण्यात अर्थ नाही. मुरूड, आसूद, आंजर्ले या गावांतील कोकणस्थ ब्राह्मणांच्या काही घरांत पूर्वसूचनेवर शुद्ध शाकाहारी घरगुती जेवण मिळते. दोन–तीन दिवस आधी कळवावे आणि काय हवे ते नेमक्या शब्दांत सांगावे.

हे शब्द महत्त्वाचे आहेत. "जैन जेवण" म्हटले की अनेक ठिकाणी केवळ कांदा–लसूण वगळतात आणि बटाट्याची भाजी वाढतात. "व्रताचे जेवण" म्हटले तर याहून मोठा घोटाळा होतो. मराठी घरात उपवास म्हणजे साबुदाणा, रताळी आणि बटाटा; यजमानीण मोठ्या प्रेमाने नेमके तेच रांधून ठेवते, जे आपल्या ताटात चालत नाही. त्यापेक्षा "नैवेद्याचा स्वयंपाक" असे म्हणावे. या एका शब्दाने कोकणातील गृहिणीला सोवळे, ताजेपणा आणि कांदा–लसणाचा अभाव हे सारे समजते. चातुर्मासात कांदा–लसूण सोडण्याची आणि त्याआधी कांदेनवमी साजरी करण्याची रीत तिच्याही घरात असते. त्यानंतर फक्त पुढची यादी द्यावी : बटाटा, रताळे, सुरण, गाजर, मुळा, ओले आले, ओली हळद नको, वांगे नको, मोड आलेली कडधान्ये नकोत, म्हणजे बिरड्याची उसळ नको, फाल्गुनानंतरचे दिवस असल्याने कोथिंबीर आणि पालेभाजी नको, नारळ त्याच दिवशी फोडलेला असावा, पाणी गाळून उकळलेले असावे. सुंठ आणि सुकी हळद चालते, हेही सांगावे. नाहीतर बिचारी फोडणीतही हळद घालणार नाही.

एवढे वगळून काय उरते, असा प्रश्न पडेल. उरते ते भरपूर आहे. तांदळाच्या पिठाचे घावन हे पीठ कालवून लगेच घातले जातात. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवतात. म्हणून आंबोळी टाळावी, घावन घ्यावेत. केळीच्या पानावर थापून भाजलेली पानगी, लसणाविना कुळथाचे पिठले, आमसूल घातलेली तुरीची आमटी, ओले खोबरे घातलेली फणसाची भाजी, कच्च्या केळ्याच्या काचऱ्या, आमरस, आणि शेवटी तुपाची धार घेतलेले उकडीचे मोदक : तांदूळ, नारळ, गूळ यांपलीकडे त्यात वेलदोडा तेवढा असतो.

या ताटात सोलकढीचे स्थान विशेष आहे. आमसुलाचा रस आणि नारळाचे दूध यांच्या मिश्रणातून ती होते. बाजारी सोलकढीत लसूण आणि आले वाटून घालतात. ते वगळून जिरे व हिरवी मिरची पुरेशी ठरते. द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांना ठाऊक आहे की डाळीबरोबर कच्चे दही–ताक घेता येत नाही आणि उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाला काहीतरी उणे वाटत राहते. सोलकढीत दूधदुभते नाहीच. आमटीभाताबरोबर ती निःशंकपणे घेता येते आणि ताकाची जागा भरून काढते. मुंबईच्या जैन घरांत हा पदार्थ जितका रुजायला हवा तितका रुजलेला नाही. या सहलीतून घरी नेण्यासारखी हीच सर्वांत स्वस्त वस्तू आहे.

आसूदची सावली

जेवणानंतर उन्हाचा वेळ आसूदच्या वाडीत काढावा. नारळ–सुपारीच्या दाट बागा, त्यांतून खेळवलेले पाटाचे पाणी आणि पलीकडे टेकडीवर केशवराजाचे प्राचीन मंदिर, असा हा परिसर आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'गारंबीचा बापू' या कादंबरीची पार्श्वभूमी याच मुलखाची. मंदिरापर्यंत चढण आहे. तरुणांनी वर जावे आणि ज्येष्ठांनी खाली ओढ्याजवळच्या सावलीत बसावे. बाहेर रखरख असतानाही येथे गारवा असतो. जयणेने चालणाऱ्याने पाटाच्या कडेने जपून पावले टाकावीत, कारण ओल्या मातीत जीव फार असतात.

समुद्र पाहायचा असेल तर मुरूडचा किनारा जवळ आहे. हर्णैचा मासळीबाजार मात्र वाटेतून टाळता येतो. वाहनचालकाला तसे आधीच सांगावे. चार–साडेचारला परत फिरावे.

परतीची वेळ

मेच्या मध्यास दापोलीकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटका राखणाऱ्यांनी संध्याकाळची बैठक पाचलाच करावी. दुपारच्या यजमानांकडूनच ताजे घावन आणि नारळाचा गोड रस सांगून ठेवला तर दुसरी धावपळ करावी लागत नाही. साडेपाचला निघाले की साडेसहापर्यंत खेड येते. उकळलेल्या पाण्याचा शेवटचा घोट घेऊन फलाटावरच चौविहाराचे पच्चक्खाण घेता येते. गाडी मुंबईला साडेदहाच्या सुमारास पोहोचते. वाटेत कोणाला काही खायचे नसते, त्यामुळे प्रवास शांत होतो. प्रतिक्रमणाचा नियम असणाऱ्यांनी वेळेचा विचार आधी करून ठेवावा.

दिवसाचा ताळेबंद मांडला तर खर्चाच्या बाजूला गाडीभाडे, मोटार आणि जेवण आहे. जमेच्या बाजूला दोन किलो आमसूल, अमृत कोकमाच्या बाटल्या, एखादे कलम आणि सोलकढीची कृती आहे. परंतु खरी जमा निराळीच. आजवर घरातल्या नियमांमुळे सहल अडते असे मानले जात होते. येथे नियमांनीच दिवसाला आकार दिला. सूर्योदयाने न्याहारीची वेळ ठरवली, सूर्यास्ताने परतीची. अजाण फळाच्या नियमाने बाग दाखवली, चलित रसाच्या नियमाने बाटलीची पारख शिकवली, द्विदळाने सोलकढीची ओळख करून दिली. आणि हे सारे नियम ज्यांना तोंडपाठ आहेत त्या आजी दिवसभर सर्वांच्या पुढे होत्या. काय चालेल, काय चालणार नाही, हे विचारायला नातवंडे त्यांच्याकडेच धावत होती. पुढच्या सुट्टीत बेत ठरेल तेव्हा "मी घरीच बरी" असे म्हणण्याची त्यांना गरज वाटणार नाही.

निघण्यापूर्वी

• जाण्याचे आणि परतीचे तिकीट एकाच वेळी काढावे. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि सुट्टीत जागा लवकर भरतात.

• शुक्रवार टाळावा. आठम–चौदस असल्यास ताटातील हिरव्या भाज्या वगळण्याबद्दल यजमानांना कळवावे.

• विद्यापीठ पाहायचे असल्यास शासकीय सुट्टीचा दिवस नको.

• माणशी दोन बाटल्या उकळलेले पाणी, गाळणे आणि कोरडा भाता सोबत ठेवावा. गाडीला उशीर झाल्यास नवकारशीची सोय त्यातून होते.

• आंबा घेताना पेंढ्याच्या अढीत पिकवलेला मागावा. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. पेटी घेताना वरच्या थराबरोबर खालचा थरही उघडून पाहावा.

• अमृत कोकम घरी आणल्यावर बरणीत नेहमी कोरडाच चमचा घालावा.